पांढरी टेप लावलेलं बटन

धम्मानंदचा अंगठा घसरला, बाकी काही नाही. विष्णुपुरीला आदिनाथरावांच्या हॉलमध्ये तो शिडीवर उभा होता. एका हातात गोल लाइटचं उघडलेलं झाकण, दातांत स्क्रू, आणि दुसऱ्या हातानं मोबाइलचा टॉर्च लावायला गेला तर बोट भलतीकडंच पडलं. 'मोशन डिटेक्टेड.' असले मेसेज त्याच्या मोबाइलवर दिवसभर येत राहायचे, नांदेडचे, लातूरचे, धर्माबादच्या एका आडत दुकानाचे, आणि तो ते माशी हाकलल्यासारखे बाजूला सारायचा. हा उघडला. स्क्रीनवर एक स्वयंपाकघर आलं. वरून दिसणारं. ओटा, शेगडी, पिठाची परात आणि परातीवर वाकलेलं एका बाईचं डोकं. वरून कुणाचं तोंड दिसत नाही, नुसते केस, खांदे आणि हात दिसतात. डोक्याच्या मधोमध, भांग संपतो तिथं, केस गेलेला एक गोल चट्टा होता, जुन्या रुपयाएवढा. दातांतला स्क्रू त्यानं गिळलाच असता. त्या चट्ट्यावर त्यानं लहानपणी किती खोबऱ्याचं तेल चोळलं होतं. बांधकामावर घमेली वाहून वाहून तिथले केस गेले ते परत आलेच नाहीत. माय भुईवर बसायची, तो मागं बाजेवर, आणि ती म्हणायची, जोरात चोळ, आतून आग होऊन राहिली. म्हणजे तेव्हाही तो तिला वरूनच बघायचा.

"माय," त्याच्या तोंडून निघालं.

"काय म्हनलात विनोदराव?" खाली शिडी धरून उभे असलेले आदिनाथराव म्हणाले.

"काही न्हाई. स्क्रू टोचला."

विनोद हे त्याचं धंद्यातलं नाव. कार्डावर तेच, गाडीच्या डिकीवर तेच. धंदा सुरू केला तेव्हा कॅमेऱ्याच्या दुकानवाल्यानं सांगितलं होतं, नाव सोपं ठेव, लोकांच्या घरात शिरायचं असतं आपल्याला. सोपं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं. कार्ड घरी आणलं तेव्हा मायनं ते उलटंपालटं केलं. तिला वाचता येत नाही, त्याच्या बहिणीनं, प्रियदर्शनीनं, वाचून दाखवलं. "विनोद कोन?" मायनं विचारलं. तो हसला होता. मग माय पण हसली होती, "चांगलं हाय की, बोलाया हलकं हाय," आणि कार्ड तिनं फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं, बाबासाहेबांच्या खालच्या कोपऱ्यात. तिथून ते त्यानं दुसऱ्या दिवशी काढलं. का काढलं ते तिनं विचारलं नाही.

शिडीवरून उतरावं असं त्याला वाटलं, पण काम अर्धवट होतं. हातात लाइटचं झाकण तसंच होतं. त्याचं काम म्हणजे एवढंच, साध्या लाइटमध्ये कॅमेरा लपवायचा. बाजारातले बल्बचे कॅमेरे ओळखू येतात, पोरंसोरंही ओळखतात. हा घरातलाच लाइट घ्यायचा, पांढऱ्या झाकणाला तिळाएवढं भोक पाडायचं, मागं भिंग बसवायचं. लागलेल्या लाइटकडं कुणी डोळे लावून बघत नाही, डोळे दुखतात. लपवायला उजेडासारखी जागा नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि ते खूश व्हायचे. लाइट बंद झाला की कॅमेराही बंद, म्हणून बटनावर पांढरी टेप चिकटवायची आणि घरातल्यांना सांगायचं, हात लावू नका, करंट लागतो. आधी कॅमेरा स्वतःच्या मोबाइलला जोडायचा, चालतो का बघायचं, मग गिऱ्हाइकाला शेअर करायचा आणि शेवटी आपलं काढून टाकायचं. हे शेवटचं तो करायचा नाही. लोक पासवर्ड विसरतात, मग फोन करकरून जीव खातात. असं तो स्वतःला सांगायचा. पहिल्या पहिल्यांदा त्यानं दोनचार घरं उघडून बघितलीही होती. एकटं माणूस घरात काहीच करत नाही. बसतं, अंग खाजवतं, फ्रिज उघडून उभं राहतं, परत लावतं. कुणी चोरी करत नव्हतं, कुणी कुणाला मिठी मारत नव्हतं. त्याला उगाच रडू आल्यासारखं झालं होतं आणि मग त्यानं बघणं सोडलं होतं. लोकांना मात्र वाटायचं की वरून बघितलं की काहीतरी सापडणारच.

लातूरच्या सिंधुकाकूंनाही तसंच वाटत होतं. ते घर त्याला आता सगळं आठवलं. शेषेराव काका निलंग्याकडचे, गावाकडं जमीन, नातू लातूरला क्लासला म्हणून इकडं बांधलेला बंगला. काका पेपर वाचत बसलेले, सगळं काकू बोलत होत्या. कॅमेरा कशासाठी, तर सैपाकाच्या बाईसाठी. चोरती का? छे, हाताला लई चोख. मग? काकू जवळ आल्या होत्या. "आवो, तिचं काय ते कळंनाच बगा. दिवाळीला सुट्टी मागत न्हाई. पोळ्याला न्हाई, गवरीला न्हाई. मला आदी वाटलं, काय गुनी बाई मिळाली. आन सुट्टी मागती भलत्याच दिवशी. एप्रिलमधी एकदा, आन आज. आज काय हाय सांगा बरं? नुसती पुनव." तो टेबलावर चढलेला होता. आज बुद्धपौर्णिमा होती ते त्याला माहीत होतं. सकाळीच त्याला मायचा फोन आला होता, मी नांदेडला येऊन राहिले, खीर करते, तू कुठं हाईस? तो वैतागला होता. नेमकं आजच लातूरचं काम निघालं, आणि माय लातूरला ज्या मेसमध्ये पोळ्या लाटते म्हणायची, तिला नेमकी आजच सुट्टी. म्हणजे त्याला कळलं होतं. काकूंना काय शोधायचंय ते पहिल्याच वाक्यात कळलं होतं. टेबलावरून उतरून शिडी-पिशवी उचलून निघून जाता आलं असतं. त्यानं भोक पाडलं, भिंग बसवलं, आणि वरून म्हणाला, "काकू, आवाज पण येतो यात. सगळं ऐकू येतं." हे काकूंनी विचारलंही नव्हतं. मग काकूंनी जेवायला वाढलं होतं. आदल्या दिवशीची येसराची आमटी, बाई करून गेलेली. पहिल्याच भुरक्याला त्याचा घास थांबला होता. वास घरचा होता. येसर भाजताना थोडा जास्तच काळा करायचा, ही मायची खोड. जीभ ओळखत होती, डोकं म्हणत होतं, मराठवाड्यात येसर सगळ्यांच्याच घरी असतो. त्यानं आणखी मागून घेतली होती. दाराच्या मागं खिळ्याला एक लुगडं लटकलेलं होतं, सैपाकाला बसताना नेसायचं. त्याच्याकडं त्यानं बघितलं नव्हतं. का नाही बघितलं?

आता ते लुगडं मायच्या अंगावर होतं. माय उठली, हात धुतले, ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथं काकूंच्या देव्हाऱ्याची फळी होती. तिनं काडी ओढली, दिवा लावला आणि हात जोडले. त्याच्या एका कानात ब्लूटूथ होतं, काडीचा आवाजसुद्धा आला.

खरं सांगायचं तर त्याला आधी राग आला. भीती नंतर. आज्यानं धम्म घेतला तेव्हा घरातले देव घरणी नदीच्या पाण्यात सोडले त्याची गोष्ट शिरूर अनंतपाळच्या त्यांच्या गल्लीत अजून सांगतात, आणि सगळ्यात रंगवून मायच सांगते. बाप व्यंकटी मरताना म्हणाला होता, कुणाच्या चुलीपुढं बसू नका. धम्मानंदनं ते धरून ठेवलं होतं. प्रियदर्शनीला लातूरच्या नर्सिंग कॉलेजला प्रवेश मिळाला, पोरीला एकटी नको म्हणून माय तिच्यासोबत खोली करून राहिली, तेव्हा त्यानं मायला बजावलं होतं, काम केलंच तर मेसमध्ये कर, कुणाच्या घरात जायचं नाही. दुसऱ्याच्या घरात गेलीस तर मी तुझ्या खोलीवर पाय ठेवणार नाही. किती मोठ्यानं बोलला होता तो. आणि माय म्हणाली होती, हाव, मेसमधीच हाय, पोरांच्या पोळ्या लाटते. मेसमध्ये किती पोरं, भाजी काय, मालक कसा चिडका, सगळं सांगायची. सगळी मेस तिनं मनातून उभी केली होती, त्याला वाईट वाटू नये म्हणून. जगाला सांगायला एक खोटं आणि पोराला सांगायला दुसरं. दोन्हीकडून लपलेली बाई ती, आणि लपली कुठं, तर त्यानं लावलेल्या लाइटखाली.

"चहा," खालून कुणीतरी म्हणालं. आदिनाथरावांची सून पुनम कप घेऊन उभी होती. वर बघत म्हणाली, "भाऊ, ह्यो लाइट लई तेज हाय का? आधीचा बी चांगलाच होता की."

"नवीन बसवून राहिलो," आदिनाथराव म्हणाले. "तू जा आत." ती आत गेल्यावर हळूच म्हणाले, "दिवसभर कुनाशी तरी बोलत राहती फोनवर. पोरगा दुबईला. आपल्याला कळायला नको का?"

कानात माय गुणगुणायला लागली होती. शब्द नव्हते अजून, नुसता सूर. तो सूर त्याला पाळण्यापासून माहीत होता. जयंतीला सगळी गल्ली म्हणायची ते गाणं, आणि माय पीठ मळताना म्हणायची. हात पिठात नीट रुतले की शब्द यायचे, आणि पहिल्याच ओळीत बाबासाहेबांचं नाव होतं. ज्याला ऐकायचं होतं त्याला त्यापुढं काहीच ऐकायची गरज पडली नसती. माय पुन्हा परातीपाशी बसली. पीठ ओढलं. सूर थोडा वर चढला.

तो शिडीवरून उतरला की पडला ते त्याला कळलं नाही. "रेंज न्हाई इथं," असं काहीतरी बोलून जिना चढून गच्चीवर गेला. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. त्यानं यादीत मायचं नाव शोधलं. नंतर त्याला कळणारच होतं की फोन करायची गरजच नव्हती. कॅमेऱ्याचा मालक तोच होता, काकूंचं शेअर एका बोटानं काढता आलं असतं, कॅमेराच बंद करता आला असता. पण असल्या वेळी माणूस सेटिंगमध्ये जात नाही, मायला हाक मारतो. बोलायचं काय ते त्यानं ठरवलं होतं. माय, काही बोलू नको, गाऊ नको, नुसतं ऐक. घंटी वाजली. स्क्रीनवर, थोडं उशिरा, मायनं पिठाचा हात झटकला, कमरेचा फोन काढला.

तो विसरला होता ते एवढंच, की फोन उचलणारा आधी बोलतो.

मायला पहिला मोबाइल त्यानंच घेऊन दिला होता. ती उचलायची आणि "कोन?" म्हणून ओरडायची. तो म्हणाला, माय, कोन काय, जयभीम म्हण. ती लाजायची. बसमध्ये असते रे, लोक बघतात. तो चिडला होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, अंगात रग होती. लाज वाटती का तुला? मग त्यानं खेळच लावला. बाहेर ओसरीत बसून घरातल्या मायला फोन करायचा, ती "हालो" म्हणाली की कापायचा. परत लावायचा. परत कापायचा. शेवटी माय हसत हसत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत, एवढ्या जोरात ओरडली की शेजारची लक्ष्मम्मा बाहेर येऊन बघायला लागली. तेव्हापासून मायनं त्याचा फोन कधी दुसरा शब्द म्हणून उचलला नाही. दवाखान्यात नाही, बापाच्या मातीच्या दिवशी नाही.

"जयभीम, बाबू," माय म्हणाली.

त्यानं बोलायला तोंड उघडलं. आणि मग, दोनेक सेकंदांनी, त्याच फोनमधून, लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, पुन्हा आलं: जयभीम, बाबू.

कॅमेरा असाच दोनेक सेकंद मागून चालतो. बाहेरच्या खोलीत काकू मोबाइल उघडून बसल्या होत्या. आवाज मोठा करून.

"आरं," माय म्हणाली, "माजाच आवाज आला कुटून तरी. हालो? बाबू? बोल की." आणि मग तिकडं खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं, पावलं आली, आणि काकूंचा आवाज, "कुनाचा फोन हाय?" फोन कट झाला.

कट झाला तसा कानात पुन्हा कॅमेऱ्याचा आवाज सुरू झाला. स्क्रीनवर आता दोन डोकी होती. काकूंच्या केसांना मेंदी लावलेली होती, मुळाशी पांढरं दिसत होतं. दोघी जवळजवळ उभ्या, वरून सारख्याच म्हाताऱ्या दिसत होत्या. शेगडीवर तवा तापला होता. काकू ओरडतील असं त्याला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गॅस बंद कर," काकू म्हणाल्या. आजवर त्या मायला अहो-जाहो करत असतील, कोंडाबाई, तुमी जेवलात का, असं. आता 'कर' म्हणाल्या. "कोन व्हता?"

"लेक."

"काय म्हनलीस त्याला?"

मायनं बोटांना चिकटलेलं पीठ सोडवलं. खोटं बोल माय, तो गच्चीवर मोठ्यानं म्हणाला. जय भवानी म्हणाले म्हण. ऐकण्यात चुकलं म्हण. हिनं एवढी मेस उभी केली होती खोट्यावर, तिला एक शब्द फिरवायला काय लागत होतं.

"जयभीम म्हनले," माय म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मीठ घातलंय म्हणून सांगावं तसं.

काकू खाली बसल्या की काय असं वाटलं, पण त्या ओट्याला टेकल्या होत्या. "आगं, माज्या देवाला दिवा लावलीस तू. रोज. हात जोडलीस."

"तुमीच सांगितलात लावायला. लावले."

"आन मी तुला हातानं लुगडं दिले गं. माज्या मायच्या वर्साला तुज्या हातचं समद्यांना खाऊ घातले." काकू रडत होत्या. फसवलं गेलेलं माणूस रडतं तसं खरंखुरं रडत होत्या. "ती परात घे. ते पीठ टाक बाहीर. आन भांडी... भांडी ऱ्हाऊ दे, हात नको लावू."

मायनं परात उचलली. पिठाच्या गोळ्याकडं बघितलं. परत ठेवली. "तुमाला कसं कळलं?" तिनं विचारलं. भांडायला नाही, खरंच तिला ते कळलं नव्हतं.

"वर बघ," काकू म्हणाल्या. "समदं दिसतंय त्यातून. ऐकू बी येतंय. ते बटनाला टेप लावलीय न्हवं, करंट लागतो म्हनून, ते त्याच्यासाठीच. नांदेडचा पोरगा हाय एक, विनोद नावाचा. त्यानं बसवून दिलंय. लई सरळ पोरगं."

माय वर बघायला लागली.

आधी कपाळ आलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, बापाच्या मातीनंतर त्यानं कधी न बघितलेलं. मग डोळे. उजेडानं ते बारीक झाले, पाणी आलं, पण तिनं खाली बघितलं नाही. तिळाएवढं भोक तिला दिसणं शक्य नव्हतं. तरी ती नेमकी तिथंच बघत होती, बाजेवर बसलेल्या पोराकडं मान उलटी करून बघायची तशी. रागाचा एक धागाही तोंडावर असता तर त्यानं तो धरला असता. तिथं काही नव्हतं. नुसतं ओळखणं होतं. तिनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं, घाम पुसल्यासारखं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. लाल पट्टा उमटला. मग ती स्क्रीनच्या कडेला गेली, दाराशेजारी बटनं होती तिथं. तिचा हातच तेवढा दिसत होता. नखानं टेपचा कोपरा उचकटला. टेप त्यानं चांगली तिपदरी लावली होती, लवकर निघेना. "करंट लागंल," काकू म्हणाल्या, अजून त्यांना कळत नव्हतं आपण काय बोलतोय. मायनं टेप ओढून काढली, तिची गोळी केली, ओट्यावर ठेवली आणि बटन दाबलं.

'डिव्हाइस ऑफलाइन.'

गच्चीवर ऊन होतं. कुणीतरी वाळवणं घातली होती, त्यावर चिमण्या आल्या होत्या. त्या उठवाव्यात असं त्याला वाटलं आणि त्यानं उठवल्या नाहीत. मोबाइल हातात तसाच होता. लातूरला आता माय ते लुगडं सोडत असेल, खिळ्याला टांगत असेल, चपला घालत असेल. खोलीवर जाऊन प्रियदर्शनीला काय सांगेल? मेस बंद झाली असं सांगेल. मालक चिडका होताच. खोट्यातली मेसही आज बंद होणार होती.

"ओ विनोदराव," आदिनाथराव जिन्यातून वर आले. "चहा पार गार झाला की. लाइट उघडाच पडलाय. सून विचारून राहिली, भाऊ कुठं गेले." त्यांच्या मागं पुनमही होती, वाळवण बघायला आलेली. तिनं हातानं चिमण्या उठवल्या आणि त्याच्याकडं बघून हसली, घरी आलेल्या कामाच्या माणसाकडं बघून हसतात तसं.

"आलो," तो म्हणाला, आणि फोन वाजला.

माय. फोटोत ती डोक्यावर पदर घेऊन बसलेली, शिरूरच्या विहाराच्या पायरीवर. तो फोटो त्यानंच काढला होता. फोन वाजत राहिला.

"घ्या की," आदिनाथराव म्हणाले. "गिऱ्हाइक आसंल."

ते हाताच्या अंतरावर उभे होते. पुनम वाळवण उलटत होती. त्यानं फोन कानाला लावला. एकच शब्द होता. तोच त्यानं मायला शिकवला होता, ओसरीत बसून, कापून कापून, लाज वाटती का म्हणून विचारून. तो घशापर्यंत आला. आदिनाथराव त्याच्या तोंडाकडं बघत होते.

"हालो," तो म्हणाला.

तिकडं रस्ता होता, ऑटोचे हॉर्न होते. मायचा श्वास होता. तिनं कापला नाही. हलक्या आवाजात, अनोळखी माणसाच्या घरी दार वाजवून विचारावं तसं तिनं विचारलं,

"विनोद हाय का?"

"हाव," तो म्हणाला.